गेनुआप्पाचा दहावा

“मामा, आता शिंकलात ना, तर सगळं पहिल्यापासून घ्यायला लागेल. सांगून ठेवते.”

हुसेनमामांनी नाक चिमटीत धरलं, डोळे मिटले, हाताने ‘थांब’ अशी खूण केली आणि एवढी सणसणीत शिंक दिली की मागच्या कापसाच्या ढिगाचा वरचा थर आमच्या दोघांच्या डोक्यावर आला. मी रेकॉर्डिंग बंद केलं. दोघंही पांढरे झालो होतो.

“हसा आता,” मी म्हटलं.

मामा हसले. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. मग माइककडे बोट दाखवलं, म्हणजे चालू कर. मी चालू केलं. सकाळपासून माझ्याशी एक अक्षर न बोललेला हा माणूस कापसात बसून घडाघडा बोलायला लागला:

“काय सांगू बाई, काल आमच्या गल्लीत पाणी आलं. आलं म्हणजे काय, नळानं आधी खोकून घेतलं, मग दोन थेंब टाकले आणि म्हणाला, आप्पा, आज एवढ्यावर भागवा, मला पुढच्या वॉर्डात जायचंय. मी म्हटलं, अरे बस की, चहा घे. तर म्हणतो, चहाला पाणी कुठंय?”

हे गेनुआप्पा भोपळे. वय बहात्तर, धंदा तक्रारी करणे, मुक्काम पाण्याच्या टाकीखालचा बाक, कासारवळण. असा कोणी माणूस आमच्या गावात नव्हता. तो मी तयार केला होता, आणि त्याचं बोलणं हुसेनमामा बोलायचे.

याला आता आठ वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांची होते, स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे आणि उरलेल्या वेळात ‘पाणी आलं का?’ नावाचा विनोदी पॉडकास्ट चालवायचे. नाव तेच ठेवलं, कारण कासारवळणात दोन माणसं भेटली की ‘नमस्कार’ म्हणायची पद्धत नाही, ‘पाणी आलं का?’ म्हणायची पद्धत आहे. पाचव्या दिवशी यायचं. कधी सातव्या. पॉडकास्ट म्हणजे काय, हे गावाला समजावता समजावता माझं तोंड दुखलं. आई शेजारणीला सांगायची, “आमची वैजू रेडिओवर असते. पण तो रेडिओ नाही.” शेजारीण म्हणायची, “असू दे गं, होईल हळूहळू.”

अडचण आवाजाची होती. आमच्या घरी रेकॉर्ड करायला बसलं की एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला कुकर, आणि गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा. अख्ख्या गावात शांत जागा एकच, हुसेन नदाफ यांच्या गादी दुकानाची मागची खोली. तिथे छतापर्यंत कापूस भरलेला. आत बोललं की आवाज जिथल्या तिथे बसायचा. मी मामांना विचारलं, दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं तेव्हा बसू का? मामांनी मान हलवली.

मामा मानच हलवायचे. त्यांची जीभ लहानपणापासून अडायची. पहिल्या अक्षरावर गाडी जी थांबायची, ती हलायचीच नाही, आणि समोरचा माणूस घाईघाईनं वाक्य पुरं करून टाकायचा. ‘गा...’ म्हटलं की ‘गादी? गावाला? गाडी?’ लोक चांगल्या मनानंच करायचे, पण मामांनी शेवटी बोलणंच टाकलं. दुकानातलं बोलणं मामी बोलायची. मामी गेली आणि दुकान मुकं झालं. गिऱ्हाईक यायचं, कापडावर बोट ठेवायचं, मामा बोटांनी दिवस सांगायचे, व्यवहार झाला.

मी आधी गेनुआप्पाचा आवाज स्वतःच काढायचे. एके दिवशी कापसाआडून कोणीतरी म्हणालं, “अगं ए बये, म्हाताऱ्याला सर्दी झालीय का फाशी दिलंय?” मी दचकून मागे बघते तर मामा. ते माझ्यापेक्षा जास्त दचकले होते. हात तोंडावर. म्हातारा होऊन बोलले तर जीभ अडली नव्हती. आम्ही दोघांनी परत करून बघितलं. परत नाही अडली. आप्पा म्हणून विचारलं की धो धो, आणि मामा म्हणून ‘पाणी हवंय का’ विचारलं की ‘प... प...’

त्यांनी एकच अट घातली, तीही पाटीवर लिहून. ‘माझे नाव कुणाला सांगायचे नाही.’ मी शपथ घेतली. माइकला मांडी मिळावी म्हणून त्यांनी हातभर लांबीची छोटी उशी शिवली, निळ्या कापडाची, मधे खळगा असलेली. आणि वर्षभर, दर गुरुवारी, एक ते तीन, हुसेनमामा बोलले. कधी कधी रेकॉर्डिंग संपलं तरी ते आप्पाच राहायचे. आप्पा होऊन मला मामीच्या गोष्टी सांगायचे. “हुसेनची बायको लई गुणाची बरं का. भांडायची, पण वाक्य कधी तोडायची नाही त्याचं.” मी ऐकून घ्यायचे आणि घड्याळाकडे बघायचे. तीनला मला दुकान उघडायचं असायचं.

मग पुण्याहून फोन आला. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी एक कंपनी होती, त्यांना माणूस पाहिजे होता, आणि त्यांनी ‘पाणी आलं का?’ ऐकलं होतं. पंधरा तारखेला हजर व्हा म्हणाले. मी जागच्या जागी उडी मारली, झेरॉक्सच्या मशीनला गुडघा लागला, अजून खूण आहे.

पॉडकास्ट कुठेतरी संपवायचा तर होता. नुसता बंद केला असता तर लोकांनी ‘पुढचा कधी’ म्हणून डोकं खाल्लं असतं. म्हटलं, गेनुआप्पाला मारून टाकू. झटक्यात विषय मिटेल. मामांना सांगायला हवं होतं. पण सांगायला गेलं की पुण्याचं निघणार, आणि पुण्याचं निघालं की त्यांचा चेहरा बघावा लागणार. मी कच खाल्ली. नंतर सांगू म्हटलं. घरीच, गिरणी बंद असताना, मयताची बातमी देणाऱ्या रिक्षावाल्याच्या चालीवर एकटीनं रेकॉर्ड करून टाकलं:

“कळविण्यास अत्यंत दुःख होते की, कासारवळण येथील ज्येष्ठ नागरिक गेनुआप्पा विठोबा भोपळे यांचे आज पहाटे निधन झाले. पहाटे अचानक नळाला पाणी आले, तो धक्का त्यांना सहन झाला नाही. त्यांच्या पश्चात एक बाक, दोन बादल्या आणि एक रिकामी टाकी असा परिवार आहे.”

सकाळी साडेआठला टाकलं. दहा वाजेपर्यंत कोणीतरी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं कापून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवलं. बादल्या गेल्या, टाकी गेली, निधन राहिलं. आता एकदा ग्रुपवर एकानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं की पुढच्यानं विचारायचं नसतं, कोण बाबा हा? ते बरं दिसत नाही. बारा वाजेपर्यंत एकशे सात श्रद्धांजल्या झाल्या होत्या. एकानं लिहिलं, ‘आप्पांनी मला सायकल शिकवली.’ त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं, ‘मलाही.’

दुपारी बाजारपेठेतली निम्मी शटरं अर्ध्यावर खाली. मी आमच्या पलीकडच्या हार्डवेअरवाल्या शहांना विचारलं, “तुम्ही का ओढलंत?”

“गेनुआप्पा गेले ना.”

“तुम्ही ओळखत होता?”

शहांनी इकडंतिकडं बघितलं. “तसा परिचय नव्हता. पण सगळ्यांनी ओढलंय, आपलंच उघडं राहिलं तर कसं दिसेल?”

संध्याकाळी नगरसेवक बजरंगदादा खटके यांचा फ्लेक्स टाकीला लागला. दादांचा स्वतःचा फोटो डोक्यापासून कमरेपर्यंत, हात जोडलेले. आप्पांचा फोटो कोणाकडेच मिळेना, तिथे गोलात समई काढली होती. वर्षभर गेनुआप्पा ज्याचा उद्धार करायचा तो नगरसेवक हाच. मी तडक त्यांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, आता हे थांबवायलाच पाहिजे.

“दादा, गेनुआप्पा खरा नव्हता.”

“वैजू, गेलेल्या माणसाला असं बोलू नये.”

“अहो, तो मी बनवलेला होता!”

“प्रत्येकाला कुणीतरी बनवलेलंच असतं गं.” दादांनी समोरच्या माणसांकडे बघत सुस्कारा सोडला. तेही सुस्कारले.

“दादा, नीट ऐका. असा माणूसच नाही. मतदार यादीत बघा पाहिजे तर.”

“बघितलं की. यादीत नाव नाही.” दादा खुर्चीत पुढे सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, “तेवढ्यासाठी तर जास्त वाईट वाटतंय. बहात्तर वर्षं गावात काढली आणि आपण त्याचं नाव लावलं नाही. विरोधक हेच धरून बसणार.”

“पण...”

“हे बघ, म्हाताऱ्यानं वर्षभर मला लई धुतला. खोटं सांगत नाही, रागही आला होता. आता मयतीला कोण गेलं माहीत नाही, मुलीकडं परस्पर उरकलं म्हणतात. निदान दहाव्याला मी पुढं झालो नाही, तर लोक म्हणतील दादानं मेलेल्या माणसावर डूख धरला. ते मला परवडायचं नाही. दहावा घाटावर होणार. तू पण ये. तुझ्या कार्यक्रमात बोलायचा बिचारा.”

मुलगी कुठून आली, हे मी विचारलंच नाही.

हुसेनमामांचं दुकान चार दिवस बंद होतं. पाचव्या दिवशी उघडलेलं दिसलं तशी मी आत शिरले. मामा पिंजायच्या मशीनपाशी उभे होते. मला वाटलं, हसतील. बातमीच तशी होती.

“मामा, ऐकलं का? दादांनी फ्लेक्स लावलाय. समईचा! आणि शहा म्हणतात...”

मामांनी मशीन चालू केलं. घर्रर्र. मी बोलायची थांबले की ते बंद करायचे. मी तोंड उघडलं की परत चालू. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी ओरडले, “मामा, मला पुण्याला नोकरी लागलीय! सांगणार होते!”

मशीन बंद झालं. मामांनी हात पुसले, मागच्या खोलीत गेले आणि माझा माइक घेऊन आले. वायर नीट गुंडाळलेली. माइक माझ्या हातात दिला. निळी उशी दिली नाही, ती काखेत धरून ठेवली. मग शटर अर्ध्यावर ओढलं, बाकीच्या बाजारासारखं. मला वाटलं, पुण्याचं आधी सांगितलं नाही म्हणून फुगलेत. उतरेल राग. माणूस आपल्याच तोऱ्यात असला की समोरचं दिसत नाही ते असं.

तेवढ्यात गावात आणखी एक प्रकरण आलं. शेजारच्या खेड्यातून पोपट भोपळे नावाचा पन्नाशीचा माणूस बजरंगदादांकडे आला. म्हणाला, “आमच्यात एक गेनू हुता. माजा चुलता. चाळीस वर्सांमागं म्हमईला गेला, पुन्ना आला न्हाई. त्योच आसंल.”

“वडिलांचं नाव?” दादांनी विचारलं.

“विठोबा न्हवतं, मारुती हुतं. पर एवढं काय घिऊन बसायचं.”

विधी करायला माणूस पाहिजेच होता. पोपटरावांचं डोकं भादरायचं ठरलं. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “असू द्या ताई. आमच्या चुलत्याचं कायीच क्येलं न्हाई अजून. एवढी मानसं जमत्यात, ह्यातच त्येचंबी हुन जाईल.”

दहाव्याच्या दिवशी सकाळी आई म्हणाली, घाटावर बायकांनी जायचं नसतं. मी म्हटलं, मीच मारलाय, मी जाणार.

घाटावर चारशे माणूस होतं. पोपटराव तुळतुळीत डोक्यानं पिंडासमोर बसलेले. दिगंबरकाका भटजींनी गोत्र विचारलं. कोणालाच माहीत नाही. काका म्हणाले, “माहीत नसेल तर काश्यप,” आणि पुढे गेले. सगळ्या गोष्टींची सोय आपल्यात आधीपासून आहे. पिंड केळीच्या पानावर ठेवले आणि सगळे मागे सरकले. समोर बाभळीवर पाच-सहा कावळे बसले होते. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं, आणि ते नदीकडे.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. ऊन चढायला लागलं.

“इच्छा राहिली असणार,” दिगंबरकाका म्हणाले. “बोला कोणीतरी. शब्द द्या.”

बजरंगदादा पुढे झाले, हात जोडले. “आप्पा, टाकीचं राहिलेलं काम मी पूर्ण करतो!”

कावळ्यानं पंख खाजवला.

“दिवाळीच्या आत करतो!”

काही नाही.

“आप्पा, पाणी दिवसाआड देतो!” दादा ओरडले आणि ओरडल्यावर स्वतःच घाबरले. मागून टाळ्या पडल्या. एक कावळा उठला, सगळ्यांनी माना वर केल्या, आणि तो पलीकडच्या फांदीवर पाठ करून बसला.

“त्याला पटलं नाही,” मागून कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात हार्डवेअरवाले शहा पुढे आले. घाम पुसत म्हणाले, “आप्पा, मी नळाला मोटर लावून पाणी ओढतो. आज घरी गेलो की काढतो.” लोक त्यांच्याकडे बघतायत तोवर पोस्टमन पुढे आला. “मीपण लावतो.” मग शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मग लाइनच लागली. अकरा मोटरी निघाल्या. आमची अर्धी गल्ली त्यात होती. बायकांनी जायचं नसतं म्हणणारी आमची आई गर्दीत मागे दिसली; माझी नजर गेली तशी तिनं पदर पुढे ओढला. आमचीही मोटर होती.

कावळा ढिम्म.

शेवटी पोपटराव बसल्या जागेवरून हळूच म्हणाले, “काका, तुमची खोली पाडली न्हाई आमी. कुलूप हाय तसंच हाय.” हे ऐकून लोकांनी माना खाली घातल्या. कावळा तरीही आला नाही. दिगंबरकाकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “चला, दर्भाचा कावळा करून लावू. चालतं शास्त्रात.” त्यांनी दर्भाची गाठ मारायला घेतली.

तेव्हा हुसेनमामा गर्दीतून पुढे आले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, काखेत निळी उशी. लोकांनी वाट दिली. मला वाटलं, नमस्कार करून जातील. ते पिंडापाशी उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं.

“व...”

घाटावरच्या सगळ्या माना वळल्या. मामांना कित्येक वर्षांत कोणी बोलताना ऐकलं नव्हतं.

“व... व...”

“वाईट झालं?” बजरंगदादांनी मदत केली.

मामांनी मान हलवली. नाही.

“वरण? वर्गणी?” मागून आलं.

“व... व...” मामांच्या मानेच्या शिरा फुगल्या. डोळ्यांत पाणी आलं. चारशे माणसांसमोर तो माणूस एका अक्षराला धरून उभा होता, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, कारण ते अक्षर कोणाचं आहे हे मला कळलं होतं.

तेवढ्यात फडफड झाली. बाभळीवरचा कावळा सरळ खाली आला, पानावर उतरला, पिंडात चोच मारली आणि भात घेऊन उडाला.

“शिवला! शिवला!” एकच गलका झाला. लोक उठले, चपला शोधायला लागले, दिगंबरकाकांनी दर्भ टाकून दिला, पोपटराव रडायला लागले. पलीकडे जेवणाची पातेली उघडल्याचा आवाजही आला.

मामांनी हात वर केला.

“थ... थांबा.”

कोणी थांबेना. मामा ओरडले, सगळ्या ताकदीनं, अडत अडत, “थ... थांबा! मा... माझं झा... झालं नाही!”

सगळे थांबले. एक पाय चपलेत, एक बाहेर, असे. मग पहिल्यांदा पोपटराव खाली बसले, मग शहा, मग एकेक करत सगळा घाट खाली बसला. पातेल्यांवर झाकणं परत गेली.

“व... वैजू,” मामा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “म... मारायच्या आधी वि... विचारायचं तरी. मी जि... जिवंत होतो.”

एवढं म्हणायला त्यांना किती वेळ लागला सांगता येत नाही. मधे कोणी शब्द पुरवला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळे गुरुवार आले, एक ते तीन, आणि तीनला घड्याळाकडे बघणारी मी. माणूस वर्षातून शंभर तास बोलत होता, तेवढेच मी बंद केले होते. तेही त्याच्या पाठीमागं.

“म्हणजे... मामा, आप्पा तुम्ही होता?” बजरंगदादांच्या तोंडातून निघालं.

मामांनी मान हलवली.

“मला लबाड बोका म्हणालात ते तुम्ही?”

मामांनी परत मान हलवली.

दादांचा चेहरा एकदा लाल झाला, एकदा पांढरा. मग ते म्हणाले, “आयला. मग हे दिवसाआड पाण्याचं काय करायचं? माणूस तर जिवंत निघाला.”

“द्यायचं!” चारशे माणसं एका सुरात ओरडली. “कावळा शिवलाय!”

हेडमास्तर मोठ्यानं म्हणाले, “मामा, आप्पांच्या आवाजात दोन शब्द होऊ द्या की! आम्ही वर्षभर ऐकतोय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, आता मामा खुलतील, धो धो बोलतील, सगळं मिटेल.

मामांनी पिंडाकडे बघितलं. “आ... आप्पा गेला,” ते म्हणाले. “द... दहावा झाला त्याचा. आता मी... मीच.”

मग जेवणं झाली. पंगतीत मामा पोपटरावांशेजारी बसले. पोपटराव त्यांना काहीतरी विचारायचे आणि घास हातात धरून उत्तराची वाट बघायचे.

मी वाढायला गेले तेव्हा म्हटलं, “मामा, चुकलं माझं.”

मामांनी नीट विचार केला. “हो,” ते म्हणाले. हा शब्द अडला नाही. “चु... चुकलं.” आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.

चौदा तारखेला पुण्याची गाडी पकडायच्या आधी मी दुकानात गेले. मामा एका बाईंना गादीचं माप विचारत होते, तोंडानं. बाई हातातली पिशवी खाली ठेवून निवांत उभी होती. मी मागच्या खोलीत गेले, निळ्या उशीच्या खळग्यात माइक ठेवला, आणि रेकॉर्डिंग कुठून चालू होतं, भाग कसा टाकायचा, ते पाटीवर लिहून निघाले.

कासारवळणात आता दोन दिवसांआड पाणी येतं. दिवसाआड म्हटलं होतं, पण दादा म्हणतात, कावळ्याला एवढा हिशेब कळत नाही. मोटरी काढल्या का, हे कोणी कोणाला विचारत नाही. आईनं आमची काढली, असं ती म्हणते.

पॉडकास्ट मामा चालवतात, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या जिभेनं. पूर्वी भाग वीस मिनिटांचा असायचा, आता तासाचा असतो. मजकूर तेवढाच. मी पुण्यात दिवसभर आवाजाचंच काम करते, आणि इथे कोणाला वेळ नाही, सगळे फोनवर दीडपट वेगानं ऐकतात, मीसुद्धा. पण रविवारी मामांचा भाग आला की मी आधी वेग एकावर आणते, फोन टेबलावर ठेवते, आणि मामा ‘पा...’ म्हणून थांबले की मीही थांबते, पाणी येईपर्यंत.